गाडीखाली जाण्याआधी

मोर्णा नदीच्या एका तीरावर ताजनापेठ आणि दुसऱ्या तीरावर आमचे जुने शहर. पूल ओलांडून असदगडाचा तट दिसला की माणूस आमच्याकडे आला असे समजावे. आमच्या गल्ल्या अशा की एक गाडी उभी राहिली तर सायकलवाल्याने उतरूनच जावे. तरीही दर चार घरांमागे एका घरापुढे काही ना काही उभे असतेच. कोणाची रिक्षा, कोणाचा छोटा हत्ती, कोणाची जुनी ऑम्नी. ही हौसेची वाहने नव्हेत. त्यांच्यावर घरची चूल पेटते. म्हणून रविवार आला की अर्धी गल्ली गाडीखाली असते आणि बाहेर नुसते पाय दिसतात.

आमच्या घरापुढेही असेच पाय दिसायचे. आमचे मिस्टर शाळेच्या मुलांची ऑम्नी चालवतात. सकाळची एक फेरी, दुपारची एक. गाडी बंद पडली तर मुले शाळेत कशी जाणार, आणि महिन्याच्या शेवटी पालक पैसे तरी कसे देणार? गॅरेजची मजुरी परवडत नाही म्हणून लहानसहान काम ते घरीच करत. हात चांगला आहे त्यांचा. लग्नाआधी चार वर्षे एका उस्तादाच्या हाताखाली काम केले आहे. त्यामुळे मलाही कधी भीती वाटली नाही. भीती वाटायला हवी होती, हे मात्र फार उशिरा कळले.

ही गोष्ट २०१२ सालच्या जुलैची. पहिला पाऊस होऊन गेला होता. गाडीतून चालताना खालून खटखट आवाज येत होता. मिस्टर म्हणाले, शाफ्टचा क्रॉस गेला, रविवारी बदलून टाकतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि गाडी ओढतात मागची चाके. इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखालून जातो, तो शाफ्ट. तो काढायचा तर पाठीवर झोपून गाडीखाली शिरावेच लागते.

त्यांनी गाडीसोबत आलेला, हाताने फिरवायचा जॅक मागच्या उजव्या बाजूला लावला. ब्रेकचे लायनरही पाहायचे होते, म्हणून ते चाक काढून बाजूला ठेवले. हँडब्रेक ओढला, पण त्याची वायर सैल झाली होती, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून गाडी गेअरमध्ये टाकली. पुढच्या चाकापुढे अर्धी वीट लावली आणि खाली शिरले. आमची गल्ली नदीकडे उतरती आहे, आणि गाडीचे तोंड उताराकडे.

आता यात काय चुकले ते मला नंतर माझ्या मुलाने कागदावर चित्र काढून समजावले. गाडी धरून होती ती गेअरमुळे, असे मिस्टरांना वाटत होते. पण एक मागचे चाक हवेत असले की ते मोकळे फिरू शकते, मग गेअर गाडीला धरत नाही. त्यातून शाफ्टच काढायचा होता! शाफ्टचे शेवटचे बोल्ट सुटले की गेअरचा आणि चाकांचा संबंधच तुटला. म्हणजे ज्या गोष्टीने गाडी थांबली आहे असे वाटत होते, तीच त्यांनी आपल्या हाताने सोडली. उरली एक सैल वायर आणि अर्धी वीट. इतकी वर्षे गाड्या खोलणाऱ्या माणसाला हे कळत नव्हते का? कळत होते. पण रोजचे काम माणूस विचार करून करत नाही, हाताच्या सवयीने करतो.

त्या दिवशी आमच्याकडे नळ आले होते. अकोल्यात नळ रोज येत नाहीत, चार-पाच दिवसांनी येतात. ते आले की सगळी गल्ली हातातले काम टाकून ड्रम, गुंड, बादल्या घेऊन बाहेर पडते. शेजारच्या काकू डोक्यावर गुंड घेऊन आल्या, तर वाटेत आमचे काढलेले चाक. त्या ओरडल्या, "अवो, हे चाक सरकवा बाप्पा, पडीन न मी!"

गाडीखालून मिस्टर मुलाला म्हणाले, "ढकल बे ते अंदर, गाडीखाली."

माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने चाक आडवे केले आणि पायाने गाडीच्या कडेखाली सरकवले. त्यानंतर मी दोन बादल्या भरल्या असतील-नसतील. आधी विटेचा कुरकुर आवाज आला, मग लोखंड घासल्याचा, मग धप्प.

गाडी जेमतेम हातभर पुढे गेली होती. जॅक तिरपा होऊन पडला आणि गाडी खाली बसली. खाली बसली ती त्या आडव्या चाकावर. वीतभरही उंची नसेल त्याची, पण तेवढ्या उंचीवर माझा संसार राहिला. चाक तिथे कोणी विचार करून ठेवले नव्हते. काकूंना पाणी न्यायचे होते, म्हणून ते तिथे होते. नळ सोमवारी आले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

मी धावत जाऊन त्यांचे पाय धरले आणि ओढू लागले. दोघी-तिघी आणखी आल्या. तेवढ्यात समोरचे रिक्षावाले भाऊ ओरडले, "ओढू नका वहिनी! अडकेल हायेत ते. पयले गाडी उचला." दहा-बारा हात गाडीला लागले होते, त्यांनाही त्यांनी थांबवले. हाताने उचललेली गाडी एकाचा हात निसटला की पुन्हा खाली येते. त्यांनी चाकांना दोन मोठे दगड लावले, आपल्या रिक्षातला जॅक आणला, खाली पाट ठेवून गाडी वर घेतली, स्टेपनी टेकू म्हणून सारली आणि मगच मिस्टरांना हळूच बाहेर काढले. तेव्हा आपल्या राज्यात १०८ ची रुग्णवाहिका सुरू झालेली नव्हती, ती २०१४ साली आली. त्याच रिक्षातून आम्ही दवाखान्यात गेलो. आज कोणावर अशी वेळ आलीच तर एकाने लगेच १०८ ला फोन लावावा, आणि बाकीच्यांनी त्या भावांनी केले तसेच करावे.

तीन बरगड्या आणि डाव्या खांद्याचे हाड. माणूस वाचला. पण गाडी अडीच महिने उभी राहिली. मुलांची फेरी दुसऱ्या व्हॅनवाल्याला द्यावी लागली, त्यातली सहा मुले परत आमच्याकडे आलीच नाहीत. एका रविवारची मजुरी वाचवायला गेलो होतो.

त्या दिवसांत रात्री झोप लागत नसे. मी मुलाला विचारी, गॅरेजवाले मरत नाहीत का रे असे? तो म्हणाला, आई, त्यांच्याकडे घोडी असते.

घोडी म्हणजे लोखंडी तिवई. दुकानात जॅक-स्टँड म्हणून मागावी लागते. खाली चार पाय, मध्ये वरखाली होणारा दांडा, त्याला करवतीसारखे दात. हवी तेवढी उंची केली की आतली कळ दातात अडकते, वर गाडी बसते. तिच्यात ना तेल, ना फिरवायचा आटा. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडीसोबतचा जॅक तर फक्त पंक्चर चाक बदलण्यापुरता असतो, त्याचा पाय तळहाताएवढा. बाटलीसारखा तेलाचा जॅक दिसतो दणकट, पण त्याचा सगळा भार आतल्या रबरी सीलवर. सील झिजले की तो हळूहळू बसतो, कधी एकदम बसतो. रिकामी ऑम्नी आठ क्विंटलच्या आसपास भरते. आपल्या वऱ्हाडात क्विंटल काय हे कोणाला सांगायला नको. तेवढा कापूस गाडीत भरताना किती माणसे घामाघूम होतात ते आठवा.

विहारात आमच्या बचत गटाची बैठक होते. मी तिथून कर्ज काढले. कारण काय लिहायचे, असे अध्यक्षाबाईंनी विचारले. मी म्हटले, घोडी. सगळ्या हसल्या. मग मी सांगितले तेव्हा कोणी हसले नाही. तीन टन लिहिलेली जोडी आणली. मिस्टर खाटेवर होते, खांद्याला पट्टा. बघून चिडले, "हे कायले आणली? म्या काय गॅरेज टाकून रायलो?"

मी म्हटले, "गॅरेज नाही म्हणूनच आणली."

माझे दीर एम.आय.डी.सी.त कामाला होते. कारखान्यात वजन उचलणाऱ्या यंत्राची वर्षातून एकदा तरी तपासणी झालीच पाहिजे, असे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात लिहिले होते, हे त्यांनीच मला सांगितले. कायदा पाळला जातो की नाही हा वेगळा प्रश्न. पण आपल्या अंगणात गाडीखाली कोणता इन्स्पेक्टर येणार आहे? आमच्या घरची इन्स्पेक्टर मी झाले. गाडी उचलायची तर मी बाहेर उभी असेपर्यंत खाली कोणी जायचे नाही, आणि लहान मुलाने तर नट गडगडत खाली गेला तरी आणायला जायचे नाही. काठीने ओढावा. चिडचिड होते घरात, होऊ द्या.

घोडी आणली म्हणजे झाले, असेही नाही. आपली जमीन काळी. पावसात फुगते, लोण्यासारखी होते, उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या मातीवर घोडी ठेवली की वजन आल्यावर एक पाय रुततो आणि ती कलते. डांबराचेही तसेच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आमच्या रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते. त्यात लोखंडी पाय सहज घुसतो. म्हणून खाली जाड फळी हवीच. आमच्या मुलाने रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे मिळवले आहेत. ते उत्तम, आडवे ठेवले की दबतात पण फुटत नाहीत. विटेचे नाव काढू नका. लाकूड मोडण्याआधी करकरते, सावध करते. वीट शेवटपर्यंत चांगली दिसते आणि मग तिचा भुगा होतो. सिमेंटचे पोकळ ठोकळे तर विटेपेक्षा वाईट.

मुलगा पुढे इथल्याच आय.टी.आय.त मोटार मेकॅनिकचे शिकला. त्याने वडिलांना शिकवावे, असे दिवस आले! घोडी ठेवायची ती चासीच्या जाड पट्टीखाली किंवा मागच्या एक्सलखाली. नुसत्या पत्र्याखाली नाही आणि ऑइलच्या चेंबरखाली तर नाहीच. मागची दोन्ही चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग शून्य, कारण तो मागच्याच चाकांना असतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. गाडी घोडीवर बसली की जॅक काढून फेकायचा नाही, तोही टेकवून ठेवायचा. मग बाहेर उभे राहून गाडीला दोन्ही हातांनी चांगले हलवायचे. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. आणि काढलेले चाक कडेखाली आडवे, ते आमच्या घरी आता चुकून नाही, ठरवून असते.

पहिल्यांदा हे ऐकून मिस्टर म्हणाले, एवढे केल्यावर काम कधी करायचे? मी घड्याळ लावून पाहिले. दहा मिनिटे लागली.

त्याच मुलाने मला आणखी एक गोष्ट सांगितली. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट नावाच्या अवजारे विकणाऱ्या कंपनीला आपल्याच लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या. त्या बनवण्याचे साचे झिजले होते, त्यामुळे आतली कळ दातात पुरेशी खोल बसत नव्हती. वरचे वजन हलले की घोडी एकदम खाली येण्याचा धोका होता. त्याच वर्षी बदली दिलेल्या काही घोड्यांच्या वेल्डिंगमध्ये खोट निघाली, त्याही परत मागवल्या. तिकडे निदान कोणी परत मागवते. आपल्याकडे रस्त्यावरच्या दुकानात जी मिळते तिच्यावर नाव असेल तर नशीब. म्हणून घेताना कळ शेवटपर्यंत बसते का, वेल्डिंगला भेग आहे का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. आरपार जाणारी खीळ असलेली मिळाली तर ती अधिक बरी. खीळ डोळ्यांना दिसते, आत गेली की नाही याची शंका राहत नाही.

रिक्षावाल्या भावांना मात्र या घोडीचा फारसा उपयोग नाही. ते रिक्षा टायरवर आडवी कलंडवून काम करतात. कलंडलेल्या रिक्षाला मागून टेकू द्या, एवढेच मी त्यांना सांगते. ते हसतात. त्यांचा माझ्यावर हसण्याचा अधिकार मी मान्य केलेला आहे.

आता आमची घोडी गल्लीची झाली आहे. आधी काही पोरे लाजायची, आता रविवारी सकाळीच दार वाजते, "काकू, घोडी हाये का?" भाडे घेत नाही. पण एक वही ठेवली आहे, तीत नाव लिहून घेते आणि फळ्या सोबत नेल्याशिवाय घोडी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. घोडी एकच मागणाऱ्याला मी दोन्ही देते.

मिस्टरांचा खांदा थंडीत दुखतो. ते आता गाडीखाली जात नाहीत, मुलगा जातो. ते बाहेर खुर्ची टाकून बसतात, त्याचे पाय दिसतील अशा ठिकाणी. दर थोड्या वेळाने उगाच विचारतात, "पाना देऊ का बे?" पाना त्याच्या हातातच असतो.

परवा डाबकी रोडकडच्या एका पोराने घोडी नेली आहे, दोन दिवस झाले. वहीत नाव आहे. संध्याकाळी स्वयंपाक आटोपला की जाऊन पाहते, त्याची गाडी खाली उतरली की नाही.