गळती
नरसी नामदेवच्या आमच्या दिंडीच्या जीपची बॅटरी दर चार दिवसांनी उतरे. वाटेत थकलेल्या माउलींना तीच गाडी आधार. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. हिंगोलीच्या मिस्त्रीने इंजिन चालू ठेवून मोजले: 14 व्होल्ट, म्हणजे भरणा ठीक. मग सगळे बंद करून मीटर लावला, तर अर्धा अँपिअर वाहतच होता. दिवसाला 12 अँपिअर-तास! एकेक फ्यूज काढता भोंग्याच्या ॲम्प्लिफायरचा निघाला आणि काटा खाली आला.

माउली, नामाचा भरणा रोज होतो, तरी मन रिते राहते. दोष नामाचा नव्हे. निवांत बसून एकेक ओढ तपासावी, गळती सापडते. मिस्त्रीने ॲम्प्लिफायर फेकला नाही, त्याला बटण बसवले. संसारही टाकायचा नाही. हरिपाठाला बसताना तेवढा बंद करता आला पाहिजे.