माफी नव्हे, तहकुबी

सीमाभागातील मराठी माणसाचे भाषेविषयीचे गाऱ्हाणे म्हटले की पाट्या, शाळा आणि जमिनीचे उतारे एवढेच डोळ्यांपुढे येते. आमचे गाऱ्हाणे मात्र घरकर्जाच्या एका फाइलीत आहे.

आम्ही दोघे भाऊ बेळगावात छोटा छापखाना चालवितो. लग्नपत्रिका हा आमचा मुख्य आधार. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतल्या. २०१६ साली घर बांधण्यासाठी दोघांच्या नावे एका बँकेतून १८ लाखांचे कर्ज घेतले. व्याज साडेनऊ टक्के, मुदत १५ वर्षे, हप्ता सुमारे १८,८०० रुपये. चार वर्षांत एकही हप्ता चुकला नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लग्नसराईच बुडाली. रिझर्व्ह बँकेने आधी तीन व मग आणखी तीन महिने, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. आमच्या बँकेने इंग्रजीत संदेश धाडला. त्यात शब्द होता ‘मोरेटोरियम’. गल्लीत त्याचा अर्थ झाला ‘सहा महिने हप्ते माफ’. आम्हीही तसेच समजलो.

वडिलांनी उभी हयात महसूल खात्यात कारकुनी केलेली. त्यांनी तो संदेश वाचून घेतला आणि म्हणाले, “माफी नव्हे रे बाळांनो, ही तहकुबी. तहकूब झालेला सारा पुढे भरावाच लागतो. सूट मिळाली तरच तो सुटतो.”

तेव्हा आम्ही ते हसण्यावारी नेले. सप्टेंबरात खातेउतारा हाती आला. साडेपंधरा लाखांच्या आत असलेली बाकी १६ लाख १० हजारांवर गेली होती. सहा महिन्यांचे सुमारे ७४ हजारांचे व्याज मुद्दलात मिसळले होते. व्याजावरील व्याजाचे दीडेक हजार रुपये पुढे सरकारी योजनेतून परत आले. बाकीचे तसेच राहिले.

मुंबई इलाख्यात पीक बुडालेल्या सालात सारा तहकूब होई किंवा सूट मिळे. या दोन शब्दांतला फरक निरक्षर कुणब्यालाही ठाऊक होता, कारण त्याचे घरदार त्या फरकावर उभे असे. आम्ही शिकलेसवरलेले, पण परक्या शब्दापुढे आम्ही त्या कुणब्याहून अडाणी ठरलो.

त्यानंतर खरी पायपीट सुरू झाली. रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्ट २०२० रोजी कर्जाच्या पुनर्रचनेची वाट मोकळी केली होती. १ मार्च रोजी ज्याची थकबाकी ३० दिवसांहून जुनी नव्हती, त्या कर्जदाराची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढविता येत होती. मात्र ३१ डिसेंबरच्या आत बँकेने विनंती मान्य करून प्रक्रिया सुरू केलेली असावी लागे. आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला. उत्पन्नाचे दाखले तीनदा मागितले गेले, कारण पहिले दोन संच ‘वर’ गेले ते परत आलेच नाहीत. दर खेपेस टेबलामागे नवा माणूस. व्यवस्थापक दूरच्या प्रांतातले. त्यांना मराठीही येईना आणि कन्नडही. अर्जाचा नमुना निव्वळ इंग्रजी.

खिडकीवरचे कारकून कन्नडभाषक होते. अकराव्या कलमाचा अर्थ विचारला तेव्हा ते ओशाळून म्हणाले, “काय सांगायचं ओ सर, हे मलाच कन्नडात सांगता येईना.” त्या क्षणी आमचा उरलासुरला राग मावळला. आमच्यात भाषेची भिंत नव्हतीच. दोघेही एकाच भिंतीच्या अलीकडे उभे होतो.

जानेवारीत दोन ओळींचे इंग्रजी पत्र आले: कागदपत्रे अपूर्ण, मुदत संपली. कोणता कागद अपूर्ण, ते लिहिले नव्हते. मार्चपर्यंत दोन हप्ते थकले. ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादित ठरते, हे एव्हाना आम्हाला पाठ झाले होते. आईने न बोलता पाटल्या काढून दिल्या. एक हप्ता भागला.

५ मे २०२१ रोजी दुसरी योजना आली. तीत अर्जावरील निर्णय ३० दिवसांत लेखी कळविण्याचे बंधन होते. या खेपेस त्या बंधनाचा उल्लेख करून अर्ज केला, प्रत्येक कागदाची पोच घेतली. ऑगस्टमध्ये मुदत दोन वर्षांनी वाढली. हप्ता १९,७०० व्हायचा तो १८ हजारांवर आला. महिन्याला १,७०० रुपयांचा दिलासा, आणि त्यासाठी दहा महिन्यांची वणवण. वाढीव दोन वर्षांचे व्याज आम्हालाच भरायचे आहे. ही दुसरी तहकुबीच होती. पण या वेळी सही करताना ती तहकुबी आहे हे आम्हाला ठाऊक होते.

एक गोष्ट मात्र मनात सलते. २००२ च्या सरफेसी कायद्याखालील नियमांनुसार तारण मालमत्तेचा ताबा घेतल्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत छापावी लागते. त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते. म्हणजे घर जाताना कायद्याला लोकांची भाषा आठवते. घर वाचविण्याची वाट सांगताना ती कोणाला आठवत नाही.

अलीकडे थोडे बदलले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या घरकर्जांसाठी मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि ते समजल्याची पोच घेणे बंधनकारक आहे. येथे शब्द ‘राज्यभाषा’ असा नाही, ‘समजणारी भाषा’ असा आहे. बेळगाव असो, इंदूर असो वा हैदराबाद. मराठी कर्जदाराने हा शब्द ध्यानी ठेवावा आणि सहीपूर्वी ते पत्रक मराठीतून मागावे. शेजाऱ्याने ते कन्नडातून मागितले तर त्याच्या सोबत उभे राहावे.

आमच्या मंजुरीपत्राचा मराठी सारांश आम्ही स्वतःच लिहून छापखान्यात छापला आणि फाइलीत लावला. त्याच्या माथ्यावर मोठ्या टायपात एकच शब्द आहे: तहकुबी. वडिलांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला आणि म्हणाले, “आता कागद बोलतोय.”