अंतरींचा पालट

वाचकहो, नागपुराहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गानें आपण कधीं प्रवास केला असेल, तर तुमसर मागें पडल्यावर वैनगंगेचा पूल लागतो, पुढें तिरोडा, गोंदिया, आमगांव, सालेकसा हीं स्थानकें येतात, आणि दरेकशाचा बोगदा ओलांडून गाडी डोंगरगडाकडे वळते, हें आपल्या स्मरणांत असेल. याच मार्गाच्या कांठीं आमचा जन्म गेला. शाळेंत संस्कृत शिकवितांना गाडीच्या आवाजामुळें श्लोक मध्येंच थांबवावा लागे, आणि मुलांना त्याचाच मोठा आनंद वाटे. परंतु आमच्या दारावरून जाणाऱ्या या रुळांवर एका थोर कवीच्या अंतःकरणाच्या पालटास प्रारंभ झाला होता, ही गोष्ट पुष्कळ वर्षें आम्हांस ठाऊक नव्हती. ती ठाऊक झाली ती घरच्याच एका दुःखाच्या निमित्तानें. त्या दोन्ही गोष्टी आज सांगण्याचें योजिलें आहे.

१९८३ सालच्या पौषांत आमच्या मातोश्रींच्या सोन्याच्या पाटल्या नाहींशा झाल्या. घर एकत्र, चुलत्यांसह चौदा माणसांचें. धुणेंभांडें करणारी बाई अकरा वर्षें आमच्याकडे होती. संशयाला टेकावयास जागा हवी असते, आणि ती बहुधा दुबळ्याच्या दारींच सांपडते. विहिरीवर चार शेजारणी उभ्या असतां आम्हीं तिला, "उद्यांपासून येऊं नकोस," असें सांगितलें. कां, तेंही सांगितलें. पोलिसांत गेलों नाहीं, यांत आपला मोठेपणा आहे असें त्या वेळीं वाटलें होतें! लहान गांवांत गुरुजींचा शब्द म्हणजे निकालच. तिला पुढें कोणीं घरांत घेतलें नाहीं. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळूं लागली.

आमचा धाकटा भाऊ त्याच वर्षीं भिलाईस नोकरीला गेला. प्रथम घरीं पैसे येत, मग ते थांबले; जुगाराचा नाद असल्याची कुजबुज कानीं येई. १९९५ सालीं त्याचें पत्र आलें, कीं आपण बाप्तिस्मा घेतला आहे. आम्हीं तें पत्र आईस न दाखवितां फाडलें. नंतरचीं पत्रें न फोडतां परत धाडलीं, आणि त्याचें नांव घरांत उच्चारूं नये अशी आज्ञा केली. जुन्या काळीं धर्म सोडणाऱ्याचें घटश्राद्ध करीत. आम्हीं घट मांडला नाहीं इतकेंच. मनानें तो विधि उरकला होता.

पुढल्या वर्षीं ज्येष्ठांत, सायंकाळच्या पॅसेंजरनें, तो अकस्मात् आला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं उभा राहिला. आपण होऊन आंत आला नाहीं. हातांतलें पुडकें त्यानें आईपुढें ठेवलें आणि म्हणाला, "आई, पाटल्या मीं नेल्या होत्या. जुगाराचें देणें होतें. त्या मोडल्या, ह्या नव्या केल्या आहेत."

तेरा वर्षें लोटलीं होतीं. तो बोलला नसता तर हें कोणासही कळलें नसतें. मातोश्री पुष्कळ वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग पुडकें न उघडतां म्हणाल्या, "आधीं तिच्याकडे जा."

तो उभ्या पायीं निघाला. जातांना आम्हांस म्हणाला, "दादा, चलतां?" आम्ही उत्तरलों, "चोरी तूं केलीस. आम्हीं कां यावें?"

तासाभरानें तो परतला. तिनें त्याला बसवून घेतलें, सर्व ऐकून घेतलें, आणि शेवटीं एवढेंच विचारलें, कीं तुम्ही आलांत, गुरुजी कां आले नाहींत? या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. आमच्यापाशीं होतें, पण तें सांगण्यासारखें नव्हतें.

रात्रीं ओसरीवर आम्हीं त्याला जरा खोंचूनच विचारलें, "तुझ्या नव्या धर्मांत हें प्रायश्चित्त सांगितलें आहे वाटतें?" तो म्हणाला, "प्रायश्चित्त नव्हे, दादा. येशूच्या डोंगरावरील प्रवचनांत एक गोष्ट आहे. वेदीवर अर्पण ठेवावयास गेलास, आणि भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं सल आहे असें तेथें आठवलें, तर अर्पण तेथेंच राहूं दे; आधीं जाऊन समेट कर आणि मग ये. तें वाचल्यापासून मला प्रार्थना करवेना." थोडें थांबून तो पुढें म्हणाला, "मला धर्म बदलावयाचा नव्हता. मला मीच नकोसा झालों होतों. आणि बाप्तिस्म्यानें सगळें एकदम धुऊन निघालें असेंही समजूं नका. त्यानंतरही दोनदां पत्त्यांना बसलों. पण पूर्वीं जिंकलों कीं आनंद होई. आतां जिंकूनही झोंप येईना. हा फरक मीं केलेला नाहीं, एवढें मला कळतें."

दुसऱ्या दिवशीं तो गेला. जातांना वहिनीच्या हातीं एक पुस्तक देऊन गेला. तें होतें लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें'. दुपारीं जेवणें आटोपलीं कीं आमचें कुटुंब तें मातोश्रींना वाचून दाखवी. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसत असूं. त्या महिन्यांत वर्तमानपत्राचें एकही पान आमच्या डोक्यांत शिरलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

तेव्हां कळलें, कीं रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगांवीं निघाले होते, ते याच मार्गानें. बंगाल-नागपूर रेल्वेनें हा मार्ग रुंद करून त्या वेळीं पांचच वर्षें झालीं होतीं. टिळक कोंकणांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे व्यासंगी, शीघ्रकवि. डब्यांत एक गोरे गृहस्थ भेटले. बोलणें काव्यावर निघालें. उतरतांना त्या गृहस्थांनीं नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली, आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकित केलें. टिळकांना त्याचें विशेष कांहीं वाटलें नाहीं. दिलेला शब्द पाळावा म्हणून ते पुस्तक वाचूं लागले, आणि मत्तयाच्या पांचव्या अध्यायाशीं येऊन थबकले. डोंगरावरील प्रवचनाचे ते तीन अध्याय त्यांना सोडवेनात. आमच्या भावाला ज्या वाक्यानें झोंपूं दिलें नाहीं, तें त्याच अध्यायांत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला.

त्या एका दिवसाची किंमत घरांतील माणसांनीं काय दिली, तें लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत आहे, आणि ऐकतांना मातोश्रींचे डोळे कोरडे राहत नसत. चार-पांच वर्षांचा वियोग, पदरीं लहान दत्तू, आप्तांचे टोमणे. लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोंवळे, कीं बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्याविना घरांत येत नसे. अशा घरची ही लेक. पतीकडे परत आल्यावरही त्यांनीं आपलें सोंवळें सोडलें नाहीं, आणि टिळकांनींही तें सोडविण्याचा हट्ट धरिला नाहीं. पुढें एके दिवशीं त्यांनीं स्वतःच स्वतःस विचारलें, कीं ही उच्चनीचता ईश्वरानें केली कीं माणसानें? उत्तर आंतूनच आलें, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचें अन्नपाणी त्यांना वर्ज्य राहिलें नाहीं. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मन आधीं पालटलें, पाणी मागाहून आलें.

याच्या उलट क्रम पंडिता रमाबाईंचा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. परंतु पुढें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे, कीं त्यानंतर आठएक वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या विदुषी कन्येनें हा भेद किती प्रांजलपणें सांगितला! धर्म बाहेरून देतां येतो. मन देतां येत नाहीं. टिळकांचा तापट स्वभावही बाप्तिस्म्यानें शांत झाला नव्हता. लक्ष्मीबाई त्याचे किस्से हंसत हंसत सांगतात. ज्या टिळकांना तुकोबांच्या अभंगांवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें वाटे, आणि ज्यांनीं ख्रिस्ताचीं भजनें अभंगांत गाइलीं, त्यांचें घडणें १९१९ सालीं देह ठेवीपर्यंत चालूच होतें.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायांत निकदेम नांवाचा एक शास्त्री आहे. तो रात्रीं, कोणी पाहूं नये अशा बेतानें, येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो, कीं पुन्हां जन्मल्यावांचून देवाचें राज्य दिसत नाहीं. तो विद्वान् गोंधळून विचारतो, म्हाताऱ्यानें पुन्हां कसें जन्मावें? हें वाचलें तेव्हां आम्ही मनाशीं हंसलों. आम्ही तर द्विज! आठव्या वर्षीं मुंज लागली, दुसरा जन्म पदरांत पडला. मग लगेच विचार आला, कीं त्या दुसऱ्या जन्मांत आपल्या अंतःकरणाचें काय झालें? जानवें खांद्यावर होतें. आणि त्याच खांद्यानें आम्हीं एका बाईस घराबाहेर लोटलें होतें. यहेज्केल संदेष्ट्यानें म्हटलें आहे, कीं देव माणसाच्या आंतलें दगडाचें हृदय काढून तेथें मांसाचें देतो. दगडास आपण दगड आहों हें कळत नसतें, ही त्यांतली खरी अडचण.

कार्तिक लागला. नित्याप्रमाणें आम्ही देवघरांत बसलों होतों. तुळस वाहण्यास हात पुढें केला आणि तो तसाच राहिला. भावानें सांगितलेलें तें वाक्य आठवलें, आणि त्यामागें तिचा प्रश्न: गुरुजी कां आले नाहींत? तुळस ताम्हणांत ठेवून आम्ही उठलों.

ती ओट्यावर विड्या वळीत बसली होती. हात न थांबवितां तिनें पोतें पुढें सरकविलें. आम्हीं जें बोलावयाचें तें बोललों. तें फार थोडें झालें. तिनें गडूभर पाणी आणून दिलें. आम्हीं तें प्यालों. मग ती म्हणाली, "गुरुजी, मला इथं कशाला सांगतां? जिथं बोलला होतां तिथं सांगा."

विहीर तोंवर बुजली होती, त्या शेजारणींपैकीं दोघी वारल्या होत्या. त्रिपुरी पौर्णिमेच्या कीर्तनास गांव देवळांत जमला, तेव्हां आरतीपूर्वीं आम्हीं उभे राहून सर्व सांगितलें. एकतीस वर्षें वर्गांत बोलण्याची संवय असूनही त्या चार वाक्यांत तीन वेळां अडखळलों. भावाची चोरी सांगणें सोपें गेलें. आपला अन्याय सांगतांना कंठ दाटून आला. दुसऱ्या दिवशीं तिला कामावर परत बोलाविलें. "विड्याच बऱ्या," ती म्हणाली. तेंही योग्यच होतें.

आम्ही ख्रिस्ती झालों नाहीं. संध्या करितों, पूजा करितों. भाऊ दिवाळीस येतो, पानास बसतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं त्याला थांबावें लागत नाहीं. त्याचा देव आणि आमचा देव यांविषयीं आमचे वाद होतात, आणि ते पुरतेपणीं मिटतील असें वाटत नाहीं. आमगांवाजवळचें पदमपूर हें भवभूतीचें गांव, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे. त्या आमच्या कवीनें म्हटलें आहे, कीं वस्तूंना एकमेकांशीं जोडणारें कारण बाहेर दिसत नाहीं, तें कांहीं आंतलेंच असतें. हा श्लोक आम्ही वर्षानुवर्षें मुलांस समजावून देत आलों, आणि त्याचा अर्थ एका जुगारी भावानें व एका विड्या वळणाऱ्या बाईनें आम्हांस शिकविला. तो आंतला हेतु कोण, हें भाऊ नांव घेऊन सांगतो. आम्ही नांवाशीं थांबतों. पण त्या दिवशीं तुळशीवरून हात मागें कोणीं घेतला असें विचाराल, तर तो आम्हीं घेतला असें मात्र आमच्यानें म्हणवत नाहीं.