सहीच्या आधी



मिस्साच्या आधी मी माइक, पंखे, वायरी पुन्हा पुन्हा तपासतो, तेव्हा तरुण मंडळी हसतात. "काका, कालच तर पाहिलं होतं!" याचं उत्तर माझ्या एका जुन्या सहीत आहे.

इंदूरला विमानांच्या हँगरमध्ये मी नवा होतो. सहा सिलिंडरच्या काँटिनेंटल इंजिनाचा आल्टरनेटर तपासणीसाठी उतरवला होता. त्या इंजिनात त्याला पट्टा नसतो, इंजिनाचा गिअरच त्याला फिरवतो. मध्ये रबर बसवलेलं कपलिंग असतं. आल्टरनेटर जाम झाला, तर कपलिंगने घसरून इंजिनाला वाचवायचं. पण ते अवेळी घसरलं तर वीज बंद, आणि रबर तुटलं तर तुकडे थेट इंजिनाच्या तेलात.

मी गिअर हाताने फिरवून पाहिला. घट्ट लागला. दात चांगले, कॉटर पिन जागेवर. कार्डावर सही केली.

"टॉर्क लावून पाहिलास?" उस्तादांनी विचारलं.

मी खाली पाहिलं.

ते रागावले नाहीत. गिअर आणि मधल्या भागावर रंगाची एक सरळ रेघ ओढली, शाफ्ट पक्का धरला आणि टॉर्क रेंचने जोर दिला. मॅन्युअलमधला आकडा यायच्या आधीच रेघ दुभंगली. रबराचा एक कोपराही गायब होता. मग तेल काढलं, फिल्टर कापून उघडला आणि तुकडा सापडेपर्यंत आम्ही शोधत राहिलो.

ते विमान तसंच उडालं असतं. ठिणगी मॅग्नेटो देतो, म्हणून इंजिन चालूच राहिलं असतं. रेडिओ आणि दिवे बॅटरीवर चालले असते, ती संपेपर्यंत. आणि आत एखादा शिकाऊ मुलगा असता, माझ्या सहीवर विश्वास ठेवून बसलेला.

उस्तादांनी माझी सही माझ्याच हाताने खोडायला लावली. त्या दिवशी लाज वाटली; आज कृतज्ञता वाटते.

प्रियांनो, साठवलेल्यावर आपणही बरेच दिवस चालतो, आणि बाहेरून कुणाला कळत नाही. हाताला घट्ट लागतं ते ताणाखाली टिकेलच असं नाही. या आठवड्यात आपण कुठे न तपासता "ठीक आहे" म्हटलं? घरात, कामावर, की स्वतःच्या मनात? ती सही खोडायला अजून वेळ आहे.