भातुकलीच्या घरातला हिवाळा

इंग्लंडमधल्या घरांच्या मागच्या बागेत, कुंपणाच्या कोपऱ्याला धरून, एक दार, दोन खिडक्या आणि उतरते छप्पर असलेले बुटके लाकडी घर पुष्कळदा उभे असते. प्लेहाऊस या नावाने ते विकले जाते आणि मुलांच्या भातुकलीसाठी, लपाछपीसाठी, पावसाची सर आली की शिरून बसण्यासाठी ते उन्हाळ्यात मांडले जाते. साउथहॅम्प्टनच्या शर्ली, बिटर्न, पोर्ट्सवुड अशा वस्त्यांत, जोडघरांच्या लांबट बागांमध्ये, नोकरी-शिक्षणाच्या निमित्ताने येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांचेही बालपण अशा घरांतून जाते. या घराचे आयुष्य मात्र मुलाच्या उंचीला बांधलेले असते. चार वर्षांचे मूल त्यात ताठ उभे राहते आणि दहाव्या वर्षी त्याचे कपाळ चौकटीला लागते. मग खेळण्यातली चूल, बाहुल्या, रंगीत पडदे हळूहळू बाहेर येतात, गवत कापण्याचे यंत्र आत जाते आणि एके काळी कुणाचे तरी सर्वस्व असलेली ती जागा अडगळीची खोली होते. अशा रिकाम्या झालेल्या घराला गिनीपिगांच्या रूपाने नवे रहिवासी मिळावेत ही कल्पना अनेक घरांत सुचते. ती सुंदर आहे, आणि खेळासाठी बांधलेली वास्तू वस्तीसाठी वापरायची असल्यामुळे ती जबाबदारीचीही आहे.

खेळ आणि वस्ती यांच्यामधले अंतर किती असते हे पाहायचे असेल तर साउथहॅम्प्टनच्या धक्क्यावरून सुमारे तासाभराच्या फेरीने आइल ऑफ वाइटवरच्या ईस्ट काउझला जावे. तिथल्या ऑस्बोर्न हाउसच्या आवारात राणी व्हिक्टोरियाच्या मुलांसाठी उभारलेले ‘स्विस कॉटेज’ आहे, ज्याचा पाया १८५३ मध्ये घातला गेला आणि जे पुढच्याच वर्षी मुलांच्या हवाली झाले. शेजारी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा होता, आद्याक्षरे रंगवलेल्या ढकलगाड्या होत्या, मुले तिथे भाज्या पिकवत आणि त्यांचे वडील प्रिन्स अल्बर्ट त्या बाजारभावाने विकत घेत. तिथे चूल खरी होती, भिंती जाड होत्या, थंडी-वाऱ्याचा विचार बांधतानाच झालेला होता. दुकानातून सुट्या भागांत येणारे आजचे प्लेहाऊस तसे नसते. त्याच्या भिंती म्हणजे खाचेत खाच बसवलेल्या, बोटाच्या जाडीहूनही पातळ फळ्यांचा एकच थर असतो, तळाची फळी जवळजवळ मातीला टेकलेली असते आणि छपरावर डांबर लावलेला जाड कागद, ज्याला तिकडे फेल्ट म्हणतात, तेवढा खिळलेला असतो. जून महिन्यातल्या दुपारी तासभर खेळणाऱ्या मुलाला यापेक्षा अधिक काही लागत नाही, परंतु डिसेंबरची सोळा तासांची रात्र त्यात काढणाऱ्या जिवाला हे पुरत नाही.

हा जीव, म्हणजे गिनीपिग, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीचा आहे. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले आणि सोळाव्या शतकात तो समुद्रमार्गे युरोपात आला; साधारण १५८० च्या एका चित्रात एलिझाबेथकालीन इंग्लंडमधली तीन मुले दिसतात आणि मधल्या मुलीच्या हातात गिनीपिग आहे, म्हणजे इंग्रज मुलांची आणि या प्राण्याची सोबत सव्वाचारशे वर्षांहून जुनी आहे. डोंगरातला प्राणी म्हणून तो थंडीला सरावलेला असणार, असा समज यावरून सहज होतो आणि त्या समजापायी पुष्कळ प्राण्यांना बाहेरच्या उघड्या पेटाऱ्यात हिवाळा काढावा लागतो. वस्तुस्थिती अशी की अँडीजमधल्या शेतकरी घरांत हे प्राणी परंपरेने स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, माणसांच्या पायांत वावरत आले. रानातले त्यांचे भाईबंदही स्वतः बिळे सहसा खणत नाहीत, दुसऱ्यांनी केलेल्या बिळांचा किंवा दाट गवताचा आसरा घेतात, शीतनिद्रा घेत नाहीत आणि एकेकटे राहत नाहीत. हिवाळ्याला तोंड देण्याची यांची सारी रीत आडोसा आणि सोबत या दोन गोष्टींवर उभी आहे. ज्या लोकांनी त्यांना सर्वांत आधी पाळले त्यांनी हे ओळखून त्यांना घरात घेतले होते.

साउथहॅम्प्टनचा हिवाळा आकड्यांत पाहिला तर सौम्य वाटतो. टेस्ट आणि इचन या दोन नद्या जिथे खाडीला मिळतात तिथे हे शहर वसले आहे, समुद्र त्याची थंडी बोथट करतो, बर्फ क्वचितच साचतो आणि जानेवारीतले सरासरी तापमान दिवसा ८-९ अंश सेल्सिअस, रात्री ३ अंशांच्या आसपास असते. खरा त्रास ओलीचा आहे. वर्षातला सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत पडतो, वारा बहुतेक करून नैर्ऋत्येकडून पाण्यावरून येतो, आणि २१ डिसेंबरच्या सुमारास, जेव्हा मुंबईचा दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तेव्हा इथला दिवस आठ तासही भरत नाही व भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सोळा अंश वर चढतो. भिजलेली फळी अशा दिवसांत वाळतच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पडवीला झापांचे आडोसे बांधणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे तर्कशास्त्र लगेच उमजेल, कारण झड कोणत्या बाजूने येते आणि ओल कुठून चढते हे त्याला आधी दिसते, गारठा नंतर. गिनीपिगाला थंडीपेक्षा थंड ओल अधिक घातक ठरते. तिने त्याच्या श्वसनमार्गाला विकार जडतात आणि लहान देहात ते झपाट्याने वाढतात.

तेव्हा घर उबदार करायचे म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे एक उत्तर विज्ञानाच्या इतिहासात, आणि तेही एका गिनीपिगाच्याच साक्षीने, लिहिलेले आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये आंत्वान लाव्हाझिए आणि प्येर-सिमों लाप्लास यांनी एकात एक बसणारी भांडी घेऊन उष्णतामापक, म्हणजे उष्णतेचे प्रमाण मोजणारे उपकरण, तयार केले. मधल्या पोकळीत गिनीपिग ठेवला, त्याच्याभोवती बर्फाचा थर दिला, आणि खोलीतली उष्णता त्या बर्फापर्यंत पोचू नये म्हणून बाहेरून बर्फाचा आणखी एक थर दिला. प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने आतला जेवढा बर्फ वितळला तेवढे पाणी त्यांनी तोलले, त्याने सोडलेल्या उच्छ्वासाशी त्याचा मेळ घातला आणि श्वसन हे एक मंद ज्वलन आहे असा निष्कर्ष काढला. त्या प्राण्याने सोसलेल्या गारठ्याचे ऋण त्याच्या आजच्या वंशजांना काही प्रमाणात तरी परत करता येते, कारण या प्रयोगाने दोन गोष्टी कायमच्या शिकवल्या: सुमारे किलोभर वजनाचा हा देह स्वतःच एक अखंड जळणारी शेगडी आहे, आणि उष्णतेची ये-जा थांबवायची तर दुहेरी भिंत लागते.

प्लेहाऊसचे काम याच क्रमाने करावे लागते. आधी जोते: घर विटांवर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उचलून घ्यावे, म्हणजे तळाखालून वारा खेळेल आणि मातीची ओल फळीत चढणार नाही. त्यानंतर छप्पर आणि सांधे, कारण गळके घर आतून कितीही मढवले तरी मढवलेल्या थरातच पाणी मुरते आणि तिथे बुरशी धरते, जी डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मग भिंतीच्या आतून उष्णतारोधक पत्रे, म्हणजे ज्यांच्यात हवा कोंडलेली असते असे थर्माकोलच्या जातीचे जाड तक्ते, बसवावेत आणि त्यांच्यावर प्लायवुडचे अस्तर असे ठोकावे की कुठेही कड उघडी राहणार नाही; या प्राण्याचे दात आयुष्यभर वाढत असतात, दिसेल ती कड तो कुरतडतो आणि थर्माकोलचे कण पोटात जाणे त्याला घातक असते. छत आणि तळ यांनाही हेच अस्तर हवे. प्लेहाऊसमध्ये कधी कधी शिडीचा माळा असतो. मुलांना तो फार प्रिय असला तरी आखूड पायांच्या या प्राण्याला उंची पेलत नाही, म्हणून तो बंदच करावा.

एवढे करूनही चार फूट लांब-रुंद आणि मुलाच्या उंचीची खोली दोन-तीन लहान देहांच्या उबेने तापत नाही, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. उपाय घरात घर करण्याचा आहे: खोलीच्या वाऱ्यापासून दूरच्या कोपऱ्यात, एकाला एक खेटून सारे मावतील एवढ्याच आकाराची, दोन तोंडांची लाकडी पेटी ठेवावी, तळाशी कागदाच्या लगद्याचे कोरडे अंथरूण घालावे आणि वर मऊ वाळले गवत भरपूर कोंबावे. पेंढा वापरू नये, कारण त्याच्या ताठ काड्या डोळ्यांत जातात. पेटीत देहांची ऊब टिकते आणि उरलेली खोली धावण्याबागडण्याला मोकळी राहते. मात्र ऊब राखण्याच्या नादात प्रत्येक फट लिंपून टाकणे हे थंडीइतकेच वाईट, कारण श्वासाची वाफ आणि मूत्रातून सुटणारा अमोनिया यांना बाहेर जायला वाट उरत नाही. वळचणीखाली, वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला, जाळी लावलेले झरोके उघडे राहिलेच पाहिजेत. परीक्षा सोपी आहे: मोठ्या माणसाने गुडघे टेकून आपले नाक गिनीपिगांच्या नाकाच्या उंचीवर न्यावे, तिथे उग्र वास आला तर घर बिघडले आहे, मग वर उभ्या माणसाला ते कितीही स्वच्छ वाटो.

कोल्ह्याचा विचार वेगळा करावा लागतो. इंग्लंडमधल्या शहरांत कोल्हे रात्री बागांमधून सर्रास फिरतात आणि साउथहॅम्प्टन कॉमनसारखे विस्तीर्ण मोकळे रान ज्या शहराच्या पोटात आहे तिथे त्यांची वर्दळ गृहीत धरावी. मुलांच्या दाराची चुंबकी खिटी त्यांच्यापुढे टिकत नाही. वर-खाली दोन कड्या हव्यात, आणि झरोक्यांना कोंबड्यांची पातळ जाळी न लावता वेल्ड केलेल्या तारेची मजबूत जाळी लावावी. ही सारी कामे ऑक्टोबर संपण्याआधी, घड्याळे एक तास मागे नेली जातात त्या रविवारापूर्वी, आटोपावीत. त्यामागे पावसाखेरीज आणखी एक कारण आहे: दिवाळी आणि ५ नोव्हेंबरची गाय फॉक्सची रात्र बहुधा मागेपुढेच येतात, आणि तीक्ष्ण कानांच्या या भित्र्या प्राण्याला त्या दिवसांतल्या फटाक्यांच्या आवाजांत जाड भिंतीचा आणि गवताच्या ढिगाचा मोठा आधार असतो.

आहारात मात्र मराठी घराला काहीच नवे शिकावे लागत नाही. माणसाप्रमाणे गिनीपिगाच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांना या प्राण्यांत स्कर्वी, म्हणजे पूर्वी खलाशांच्या हिरड्या सडवणारा रोग, आढळला आणि त्या रोगाच्या अभ्यासाला वेगळे वळण लागले. साउथहॅम्प्टनपासून जवळच, गॉसपोर्टच्या हॅस्लर नौदल रुग्णालयात, १७४७ मध्ये स्कर्वीवर संत्री-लिंबांचा गुण पडताळून पाहणारे जेम्स लिंड १७५८ पासून मुख्य वैद्य होते, तेव्हा या किनाऱ्याचे त्या शोधाशी नाते जुने आहे. हिवाळ्यात हिरवे गवत खुरटते, त्यामुळे ताज्या भाजीची गरज वाढते. ढोबळी मिरचीच्या फोडी आणि निवडताना बाजूला पडणाऱ्या कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या हे या प्राण्यांचे आवडते खाणे आहे; कांदा, लसूण आणि बटाटा मात्र त्यांच्यापासून दूर ठेवावेत. मूळ अन्न म्हणजे वाळले गवत, आणि ते अष्टौप्रहर समोर असावे लागते. पाण्याच्या बाटलीला लोकरीचे वेष्टण घालावे आणि तिची नळी गोठली नाही ना, हे सकाळी बोटाने दाबून पाहावे.

हे पाहायला कुणाला तरी जावे लागते, आणि या सगळ्या उपक्रमाचा कस तिथेच लागतो. सुतारकाम दोन सुट्ट्यांत उरकते, पण नोव्हेंबर ते मार्च रोज सकाळी अंधारात आणि पुन्हा संध्याकाळी, डिसेंबरात तर चारच्या सुमारासच उतरणाऱ्या अंधारात, पाऊस असो वा दव, बागेच्या टोकापर्यंत चालत जाणे हे कुठल्याही अस्तराने भरून निघत नाही. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने योग्य निवारा, योग्य आहार, स्वाभाविक वर्तनाची मुभा, गरजेप्रमाणे सोबत किंवा वेगळेपण आणि वेदना-रोगांपासून रक्षण या गरजा भागवण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकली आहे. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या नियमांत एकटा गिनीपिग पाळण्यालाच मनाई केली. कायद्यातल्या या पाचांपैकी एकही गरज भिंत भागवत नाही, ती माणूसच भागवतो. ज्या घरात ते रोजचे येणे-जाणे होणार नाही तिथे प्लेहाऊस कितीही देखणे सजवले तरी प्राणी घरातच ठेवलेले बरे.

आणि ज्या घरात ते होईल तिथेही शेवटचा शब्द तापमापकाचा असावा. रॉयल सोसायटी फॉर द प्रिव्हेन्शन ऑफ क्रुएल्टी टू अ‍ॅनिमल्स ही १८२४ मध्ये स्थापन झालेली प्राणिसंस्था गिनीपिगांसाठी १७ ते २० अंश सेल्सिअस हे योग्य तापमान मानते, आणि पारा १५ च्या खाली जाऊ लागला की त्यांना आत आणावे असा सर्वसाधारण सल्ला आहे. अस्तर घातलेले, उचललेले, कोरडे प्लेहाऊस, आतला पारा १५ च्या वर राहील तोवर, साउथहॅम्प्टनचा शरद ऋतू आणि वसंताचा आरंभ निभावून नेते. जानेवारी निभावण्यासाठी त्यात संरक्षक कवचात बसवलेला, तापमान स्वतः राखणारा विजेचा हीटर लागतो, ज्याची जोडणी जाणत्या वायरमननेच करावी आणि ज्याची तार दातांच्या टप्प्यात नसावी. ते जमत नसेल तर थंडीच्या महिन्यांपुरते स्वयंपाकघराशेजारचा एक कोपरा त्यांना द्यावा आणि प्लेहाऊस त्यांच्यासाठी राखून ठेवावे. म्हणून जे कुणी यंदा हे काम हाती घेणार असतील त्यांनी करवत आणि प्लायवुड आणण्याआधी किमान आणि कमाल दोन्ही नोंदवणारा तापमापक आणावा, तो रिकाम्या प्लेहाऊसमध्ये जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगावा आणि आठवडाभराच्या नोंदी पाहूनच पुढचा निर्णय घ्यावा.