पोर्ट लुईसचे चार समाज

मॉरिशसमध्ये विधानसभेला उभे राहायचे तर उमेदवारी अर्जात आपला समाज लिहावा लागतो. राज्यघटनेला समाज चारच ठाऊक: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि जीवनपद्धतीवरून या तिन्हींत न बसणाऱ्यांची मिळून 'सामान्य लोकसंख्या'. पहिले दोन धर्म, तिसरा वंश, चौथे उरलेसुरले. क्रिओल कामगार आणि फ्रेंच वंशाचे साखर कारखानदार या चौथ्या रकान्यात मांडीला मांडी लावून बसतात.

मुख्य बेटावर 20 मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन आमदार निवडून येतात. रॉड्रिग्ज बेटाचे दोन. या 62 जागा भरल्यावर पराभूतांतूनच आणखी जास्तीत जास्त आठ जण आत घेता येतात. यालाच 'बेस्ट लूझर' पद्धत म्हणतात. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता कमी पडलेल्या समाजाला मिळतात. उरलेल्या, त्यामुळे ढळलेले पक्षबळ सावरण्यासाठी. 1968 च्या स्वातंत्र्याच्या तोंडावर अल्पसंख्याकांना हिंदू बहुमताची धास्ती होती, तिच्यावरचा हा उतारा. हिशेब मात्र अजून 1972 च्या जनगणनेवरच चालतो, कारण पुढच्या जनगणनांत समाज विचारलाच गेला नाही.

खरा धर्म दिसतो तो तिकीटवाटपात. मतदाराला तीन मते असल्याने पक्ष त्रिकूट जुळवताना वस्ती पाहतात; राजधानी पोर्ट लुईसच्या मुस्लिमबहुल भागात मुस्लिम उमेदवार, उत्तरेकडच्या ऊसपट्ट्यात हिंदू. पंतप्रधानपदाचा अलिखित नियम तर त्याहून कडक. आजवरचे एकमेव हिंदूतर पंतप्रधान पॉल बेरांजे 2003 ते 2005 या काळात त्या खुर्चीवर होते, तेही त्यांच्याआधीचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांच्याशी निवडणुकीआधीच झालेल्या वाटणीनुसार.

मॉरिशसमधला मराठी माणूस घटनेच्या लेखी हिंदूच. व्यवहारात मात्र तमिळ आणि तेलुगू लोकांप्रमाणे त्याचाही वाटा वेगळा मोजला जातो. गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते आणि त्या सोहळ्यांना पुढारी आवर्जून हजेरी लावतात. ही हजेरी निव्वळ भक्तीपोटी असते, असे मानायला भाबडेपणाच हवा.

समाज न लिहिणाऱ्यांचे अर्ज बाद होऊ लागले, तेव्हा प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेले. इतक्या जुन्या आकड्यांवर ही सक्ती टिकत नाही, असे समितीने 2012 मध्ये म्हटले. 2014 च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. पण रकाना कोरा ठेवणाऱ्याला बेस्ट लूझर जागेवर पाणी सोडावे लागे. ही पद्धत मात्र टिकून राहिली. 2024 च्या निवडणुकीत मजूर पक्षाचे नेते नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीने 62 पैकी 60 जागा जिंकल्या, उरलेल्या दोन रॉड्रिग्जच्या पक्षाकडे गेल्या. सत्ता गमावलेल्या आघाडीला सभागृहात पाय ठेवता आला तो याच बेस्ट लूझर जागांमुळे.