पहिलं टाकं कुठे आहे?

पर्थमधल्या मराठी मंडळींत बिबल्मन ट्रॅकचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: "खुणा लावलेल्या, झोपायला छप्पर, प्यायला टाकीचं पाणी, मग यात ट्रेक कसला?" बोलणारा बहुधा पुण्या-ठाण्याचा असतो, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून आलेला असतो, आणि त्याच्या सुरात थोडा अभिमान नि थोडी कीव असते. मला ते वाक्य खटकतं. एके काळी मीही हेच म्हणत असे, म्हणून तर जास्तच खटकतं. सह्याद्रीत चाललेल्या माणसाला वाटतं की वाट शोधणं हाच चालण्याचा निम्मा भाग. या वाटेचे काही टप्पे चालल्यावर आणि तिचा इतिहास वाचल्यावर माझं मत बदललं आहे. पूर्ण बदललं आहे असं मात्र म्हणवत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

ऑस्ट्रेलियात रानात पायी फिरण्याला बुशवॉकिंग म्हणतात. पर्थच्या पूर्वेला डार्लिंग रेंज आहे, आपल्या भाषेत टेकड्याच. तिथलं सगळ्यांत उंच माउंट कुक 582 मीटर, म्हणजे सिंहगडाच्या निम्मंही नाही. शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर कॅलामुंडा नावाचं उपनगर आहे, तिथे शहराची साधी बस जाते. तिथून निघालेली बिबल्मन ही पायवाट सुमारे 1000 किलोमीटर चालून दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑल्बनीला पोचते. सगळी चालायला सहा ते आठ आठवडे लागतात. मध्ये काही गावं आहेत, आणि रानात जवळपास पन्नास मुक्काम. प्रत्येक मुक्कामाला तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडी पडवी, एक टेबल, एक संडास आणि एक पाण्याची टाकी. एकट्यादुकट्याला आगाऊ नोंदणी नाही, भाडं नाही. इतकी माहिती पुरे.

ही वाट पहिल्या प्रयत्नात जमलेली नाही, आणि मला अजून नवल वाटतं ते याचंच. जेफ शेफर या रानात फिरणाऱ्या माणसाने 1972 मध्ये कल्पना मांडली. 1979 मध्ये, ब्रिटिश वसाहतीला 150 वर्षं झाली त्या निमित्ताने, कॅलामुंडा ते नॉर्थक्लिफ अशी वाट जाहीर झाली. 1988 मध्ये आखणी बदलून ती वॉलपोलपर्यंत वाढवली. निमित्त साजरं झालं, नकाशा छापला गेला. आपल्याकडे गोष्ट इथे संपली असती आणि दर वर्धापनदिनाला कुणीतरी फलक पुसून हार घातला असता. पण ती वाट बरीचशी वनखात्याच्या गाडीरस्त्यांवरूनच काढलेली होती. लाकूडतोडीचे ट्रक त्याच रस्त्यांवरून, बॉक्साइटच्या खाणी त्याच रानात, आणि रात्री डोकं टेकायला छप्पर क्वचितच. कागदावर वाट होती, चालणाऱ्याच्या वाट्याला धूळ होती. नव्वदच्या दशकात सरकारने ती जवळपास सगळी मोडीत काढली, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी नव्याने आखली आणि 1998 मध्ये ऑल्बनीला नेऊन पोचवली. सरकारी कामात "आम्ही आखलेली रेघ चुकली" असं दोनदा कबूल करणं किती अवघड असतं हे सांगायला नको. नवी वाट आखताना त्यांनी दिवसाची चाल धरली. साधारण 10 ते 20 किलोमीटरवर माणसाला पाणी आणि आडोसा मिळालाच पाहिजे, असा हिशोब. जवळचा मार्ग कोणता, सरळ कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

या टाकीबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण टिंगल तिचीच होते. तिच्यात कुठून नळ आलेला नाही. पडवीच्या पत्र्यावर पडलेला पाऊस पन्हळीतून टाकीत उतरतो, बस. पर्थला पाऊस हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टमध्ये पडतो. एप्रिल ते नोव्हेंबर हा चालण्याचा काळ. भर उन्हाळ्यात टाकी कोरडी निघू शकते, आणि वाटेची देखभाल करणारी संस्था तसं बजावूनही सांगते. 1997 मध्ये स्थापन झालेली ही संस्था सरकारी खात्याच्या जोडीने काम करते. स्वयंसेवक वाटेचा एकेक तुकडा दत्तक घेतात, पडलेली झाडं कापतात, पन्हळी साफ करतात, संडासाकडेही बघतात. बऱ्याच पडव्या तुरुंगातल्या कैद्यांनी बांधल्या. म्हणजे यात अद्भुत तंत्रज्ञान काहीच नाही. पत्रा, पन्हळ, कुऱ्हाड आणि पुढच्या वर्षी पुन्हा येण्याची सवय, एवढंच भांडवल. आणि त्या भांडवलावर कोण चालू शकतं ते बघा. एकटी बाई चालते, सत्तरीची जोडपी चालतात. सह्याद्रीत बायकांनी ट्रेकला पाणी कमी प्यायचं असतं, कारण सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी लिहीत नाही. ज्या वाटेवर संडास नाही ती निम्म्या माणसांनी आधीच सोडून दिलेली असते. शिवाय आपली डोंगरवाट फुकट असली तरी ती माहीत असलेला माणूस फुकट नसतो. म्हणून नवखा माणूस ग्रुपचे पैसे भरतो, लीडरच्या मागे रांगेत चालतो आणि त्याला आपण साहस म्हणतो.

खुणांमुळे साहस मरतं, हा आक्षेप राहतोच. सह्याद्रीत वाट चुकते ती बहुतेक वेळा ढोरवाटांमुळे. गुरांनी मळलेली वाट चांगली रुंद दिसते, आत्मविश्वासाने दरीच्या तोंडाशी नेते आणि संपते. अशा ठिकाणी बिबल्मनवर असते तशी पिवळ्या त्रिकोणातली एक खूण असती तर कुणाच्या पराक्रमाला बट्टा लागला असता असं मला वाटत नाही. हजार किलोमीटर चालताना पाय, पाठ आणि मन यांची परीक्षा व्हायची ती होतेच. ज्याला खुणांशिवाय जायचं त्याला उरलेलं अख्खं रान मोकळं आहे.

ही परदेशी चैन आहे, असंही कुणी म्हणतं. आपल्याकडचे पुरावे नेमके उलटे आहेत. नाणेघाटातून कल्याण-जुन्नरचा माल जात होता तेव्हा घाटमाथ्यावर लेणं आणि खडकात खोदलेली टाकी होती. कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत "पोढी" दान केल्याचे लेख आहेत. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी टाकं खोदून दिलं आणि तसं खडकावर कोरून ठेवलं. वारीत आळंदीहून निघालेली पालखी ठरलेल्या मुक्कामांनी, पुण्यातून दिवे घाट चढून, पंढरपूरला पोचते. दिवसाची चाल मोजून मुक्काम ठरवणं आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. फरक इतकाच की वारीची पाण्याची सोय वारीबरोबर येते आणि वारीबरोबर जाते. त्याच दिवे घाटात माघात किंवा वैशाखात पायी निघालेल्या माणसाची सोय कुणाच्याच खात्यात मोडत नाही.

गर्दीचा आक्षेप मला सगळ्यांत पोकळ वाटतो. सोय केली तर झुंबड उडेल, कचरा होईल, असं म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यातल्या रविवारी कळसूबाईच्या शिड्यांपाशी उभं राहावं. सोय न करताच झुंबड उडालेली आहे. त्यावर प्रशासनाचं ठरलेलं उत्तर म्हणजे धबधब्यांवर नि कड्यांवर जमावबंदीचा आदेश. बंदी घालायला एक कागद लागतो, पन्हळ साफ करायला दरवर्षी माणूस लागतो. पर्थच्या रानात जमिनीतून पसरणाऱ्या एका रोगाने जारा वृक्ष मरतात, आणि तो रोग बुटाला लागलेल्या मातीतूनही पसरतो. तिथल्या सरकारने मात्र रान बंद करून टाकलं नाही. वाटेवर जागोजागी बूट घासायचे ब्रश बसवले आणि माणसं थांबून बूट घासतात. नियम पाळण्याची जागा नियमाजवळच असली तर माणूस तो पाळतो, असं माझं निरीक्षण आहे. अपवाद असतात. ते बंदीतही असतात.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे. खरा आक्षेप यापुढचा आहे आणि तो माझ्या त्या ट्रेकर मित्रांपैकी कुणी घेत नाही. बिबल्मन हे नाव तिथल्या मूळ नूंगार लोकांपैकी एका समूहाचं. वाटेवरच्या पिवळ्या खुणेत जो नाग आहे तो वॉगल, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे नद्या घडवणारा. म्हणजे नाव त्यांचं, खूण त्यांची, आणि रान मात्र सरकारी नि निर्मनुष्य. ते रान पहिल्यापासून निर्मनुष्य नव्हतं, ते तसं करण्यात आलं. सलग हजार किलोमीटर रेघ ओढायला कुणाची संमती घ्यावी लागली नाही, यात आखणाऱ्यांच्या शहाणपणाइतकाच तो इतिहासही आहे. हे एकदा लक्षात आलं की त्या पडवीत पाठ टेकताना पूर्वीसारखं निश्चिंत वाटत नाही.

सह्याद्रीचं रान असं रिकामं नाही. तिथे महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत, कातकरी आहेत, धनगरांचे वाडे आहेत. शिवाय ज्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात पाऊस कोसळतो, तिथल्याच वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. अशा वाडीच्या शेजारी शहरातल्या हौशी पायांसाठी टाकी बांधली तर तो निर्लज्जपणा होईल. म्हणून बिबल्मनची नक्कल सह्याद्रीत करू नये, असं मी आज म्हणते, आणि हे माझ्याच वरच्या परिच्छेदांशी पुरतं जुळत नाही याची मला कल्पना आहे. आपल्याला रानात पडव्या नकोतच. भैरोबाच्या देवळाची ओसरी आहे, घरोघरी पिठलं-भाकरी मिळते. मुक्काम गावातच पडावा आणि त्याचे पैसे गावालाच मिळावेत. टाकी बांधायची तर आधी वाडीसाठी, मेअखेर पुरेल एवढी, आणि त्यातलं उरलं तर वाटसरूला. कोणती वाट दाखवायची नि कोणती झाकून ठेवायची हेही वाडीनेच ठरवावं. देवराईतून खुणा नेऊ नका म्हणाले तर नेऊ नयेत. याला वेळ लागेल. तिकडे रान सरकारच्या हातात असूनही एकोणीस वर्षं आणि तीन आखण्या लागल्या.

तोवर पुण्याच्या वेशीवरची आपली सगळ्यांत लाडकी रांग आहे तशीच आहे. कॅलामुंड्याहून निघालेल्याला पहिली टाकी साधारण दहा किलोमीटरवर, हेवेट्स हिलच्या मुक्कामी लागते. कात्रजच्या जुन्या बोगद्यावरून सिंहगडाकडे निघणाऱ्याने पाणी घरूनच भरून घ्यावं, माणशी निदान चार लिटर, कारण वाघजाईचं देऊळ मागे पडलं की त्या धारेवर भरवशाचं पाणी नाही.